उसना आधार आणि शेजारधर्म

बलवानाने दुर्बलाला दिलेले अभय हे वचन असते की उपकार? वचन असेल, तर ते मोडणे हा अधर्म ठरतो. उपकार असेल, तर तो केव्हाही थांबवता येतो आणि ज्याच्यावर तो झाला त्याला तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. प्रश्न दिसायला पंडितांच्या चर्चेचा आहे. परंतु युरोपातील लहानमोठी राष्ट्रे आज याच प्रश्नाने अस्वस्थ आहेत. अटलांटिक महासागरापलीकडचा आपला रक्षणकर्ता उद्याही पाठीशी उभा राहील, याची पूर्वीसारखी खात्री त्यांना वाटेनाशी झाली आहे.

प्रथम मूळ करार पाहू. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी सह्या केल्या आणि त्यातून ‘नाटो’ ही संघटना उभी राहिली. या कराराचे पाचवे कलम सर्वांच्या तोंडी असते. एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, असे ते सांगते. मात्र त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, प्रत्येक राष्ट्र आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करील. म्हणजे फौज धाडायची की केवळ रसद, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवले आहे. तिसऱ्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येकाने स्वतःच्या प्रयत्नाने आणि परस्परांच्या साहाय्याने प्रतिकाराची आपली शक्ती राखावी व वाढवावी, असे ते बजावते. आधी स्वतःचे कर्तव्य, मग दुसऱ्याकडून अपेक्षा, असा हा क्रम आहे.

हे पाचवे कलम आजवर एकदाच अमलात आले. गंमत अशी की, ते युरोपच्या रक्षणासाठी आलेच नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी मित्रराष्ट्रांनी हे कलम पुढे केले. नंतर अफगाणिस्तानात डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाने चाळीसहून अधिक सैनिक गमावले. एवढे रक्त सांडल्यावर हा व्यवहार एकतर्फी उपकाराचा होता असे कोण म्हणेल? ते परस्परांना दिलेले वचनच होते.

तरीही न्यायाच्या तराजूत दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. शीतयुद्ध संपल्यावर युरोपने संरक्षणावरचा खर्च आखडता घेतला आणि ओझे अमेरिकेच्या खांद्यावर ठेवले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्च संरक्षणावर करावा असे २०१४ साली वेल्समधील परिषदेत ठरले, तेव्हा तेवढा खर्च करणारी राष्ट्रे अवघी तीन होती. त्याआधी २०११ साली अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ब्रुसेल्समध्ये स्पष्ट इशारा दिला होता की, हे असेच चालले तर या संघटनेचे भवितव्य अंधुक आहे. तेव्हा अमेरिकन करदात्याची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने ओंजळ धरणाऱ्याचे हात दुखतात याचे भान ठेवायला हवे.

परंतु वाट्याचा हिशेब मागणे वेगळे आणि वचनाचाच सौदा करणे वेगळे. ग्रीनलँड हा डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे. तेथे लष्करी तळ ठेवण्याची मुभा अमेरिकेला १९५१ च्या करारानेच मिळालेली आहे. तरीही राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २०१९ मध्ये ते बेट विकत घेण्याची भाषा केली आणि जानेवारी २०२५ मध्ये बळाचा वापर करणार नाही अशी ग्वाही देण्यास नकार दिला. ज्याच्या भरवशावर कुंपण काढून टाकले, त्यानेच अंगणाकडे बोट दाखवावे, अशी डेन्मार्कची अवस्था झाली.

येथे मराठी वाचकाला वसईचा तह आठवल्याखेरीज राहणार नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि सोळा वर्षांत राज्य गमावले. मग नाटो म्हणजे आधुनिक तैनाती फौजच काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६६ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी परकी फौजांना आपल्या भूमीवरून निघून जाण्यास सांगितले आणि पुढच्याच वर्षी त्या निघून गेल्या. पेशव्यांना ही सोय नव्हती. नको म्हणण्याचा अधिकार शाबूत असतो तोवर ती मैत्री. तो गेला की ते मांडलिकत्व.

तर मग लहान राष्ट्रांनी करावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना युरोपच्या उत्तरेकडे पाहणे उद्बोधक ठरते. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. सारे जग हळहळले, राष्ट्रसंघाने आक्रमकाला काढून टाकले. पण फिन लोक १०५ दिवस जवळजवळ एकाकीच लढले. शेजारच्या स्वीडनने शस्त्रे दिली, स्वयंसेवक दिले. आपले सैन्य मात्र दिले नाही. अखेर फिनलंडला मुलूख सोडावा लागला आणि चार लाखांवर माणसे घरदार टाकून निघाली. पुढे १९४८-४९ मध्ये स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी आपसांत संरक्षणसंघ करण्याची बोलणी केली, तीही फिसकटली. शेजारी एकत्र येईनात, म्हणून नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी दूरचा आधार जवळ केला.

हे वर्तुळ पूर्ण व्हायला पाऊणशे वर्षे लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. त्यानंतर ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड आणि ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोत आले. दरम्यान मार्च २०२३ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांच्या हवाईदलांनी एकत्र काम करण्याचा संकल्प लेखी केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांनी रशियाच्या वीजजाळ्याशी असलेली नाळ तोडून युरोपच्या जाळ्याशी जोडून घेतली. शेजाऱ्याच्या घरात दिवा लागावा म्हणून तारा ओढणे हेदेखील संरक्षणच आहे.

असा विश्वास एका रात्रीत उगवत नाही. आलांद बेटांचे उदाहरण घ्या. फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा स्वीडिश बोलणाऱ्या या बेटवासीयांना स्वीडनमध्ये जायचे होते. १९२१ साली राष्ट्रसंघाने निवाडा दिला की, बेटे फिनलंडकडे राहतील. मात्र तेथील लोकांची भाषा आणि स्वायत्तता यांची हमी फिनलंडने द्यावी. स्वीडनला निर्णय रुचला नाही, तरी त्याने तो मानला. फिनलंडने दिलेला शब्द पाळला. दोन भाषांच्या सीमेवर संसार करणाऱ्या वाचकांना यातले मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही. ती जखम चिघळत राहिली असती, तर हे दोन देश आज खांद्याला खांदा लावून उभे राहिले असते काय?

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. जून २०२५ मध्ये हेग येथे बहुतेक मित्रराष्ट्रांनी २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यांपैकी साडेतीन टक्के थेट संरक्षणावर आणि उरलेले पूल, बंदरे, दळणवळण अशा पूरक कामांवर. हा पैसा शाळा आणि दवाखाने यांच्या ताटातून काढला जाणार असेल, तर रक्षण नेमके कशाचे करायचे, असा प्रश्न शिक्षकाच्या मनात उठणारच. फिनलंडने यावर शोधलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. तेथे सुमारे पन्नास हजार नागरी आश्रयस्थाने आहेत. शांततेच्या काळात त्यांतल्या काहींत मुले खेळतात, पोहतात. खरी बातमी आणि खोटी बातमी यांतला फरक तेथे शाळेतच शिकवतात. भयाच्या छायेत न जगताही सज्ज राहता येते, हे त्या देशाने दाखवून दिले आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अभय हे वचनच आहे. ते देणाऱ्याने बाजारात मांडू नये. पण वचन घेणाऱ्यावरही ऋण असते. आपला वाटा उचलणे आणि शेजाऱ्याशी असलेले जुने तंटे न्यायाने मिटवणे, हे ते ऋण होय. अमेरिका उद्या काय करील हे युरोपच्या हाती नाही. शेजारधर्म पाळणे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे आणि तो पाळणाऱ्याला दूरच्या मित्रापुढेही ताठ मानेने उभे राहता येते.