आप्पेपात्रातले खिम्याचे गोळे

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. मांसातलं लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषून घेतं. पण मटणाचा तुकडा चावता चावता मुलं कंटाळतात. खिम्याचा गोळा मात्र मऊ, हातात धरून खाता येणारा.

स्वीडनमध्ये तो घरोघरीचा पदार्थ. तिथे खिम्यात दुधात भिजवलेला पाव किंवा पावाचा चुरा कालवतात. त्यामुळे रस आत टिकतो, गोळा दडस होत नाही.

मराठी स्वयंपाकघरात तर आप्पेपात्र हाताशी असतंच. अर्धा किलो चिकन खिम्यात किसून पिळलेलं गाजर, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आलं-लसूण आणि भिजवलेला पाव घालावा, तिखट-मीठ बेताचंच. तळणीऐवजी आप्पेपात्रात थोड्या तेलावर, झाकण ठेवून, गोळे उलटसुलट भाजावेत. एक मोडून बघावा. आत कच्चा, गुलाबी राहता कामा नये.

हात स्वच्छ धुऊन मुलांनी मसाला मोजून द्यावा, कोथिंबीर निवडावी. कच्च्या खिम्याचे गोळे मोठ्यांनी वळावेत. अगदी लहानग्यांना वाढताना प्रत्येक गोळ्याचे छोटे तुकडे करावेत, म्हणजे घशात अडकायची भीती कमी होते.