टॉम कॉर्याटची सैल जीभ

सुरतेजवळच्या हजीऱ्याला जायचं तर आज पोलादाचा कारखाना, खताचा कारखाना, गॅसच्या टाक्या आणि ट्रकांच्या रांगा मागे टाकाव्या लागतात. भुसावळच्या पुलाखालून निघालेली तापी इथेच समुद्राला मिळते. पलीकडे सुवालीचा किनारा. सुट्टीच्या दिवशी उधना-लिंबायतची खानदेशी मंडळीही पोराबाळांना घेऊन जातात, तोच. 1612 साली याच किनाऱ्यासमोर इंग्रजांनी पोर्तुगीज गलबतांना पळवून लावलं आणि 1615 साली जहांगीराच्या दरबारी निघालेला वकील सर टॉमस रो इथेच उतरला. जवळच्या राजगरी गावाकडे एक जुनी घुमटी आहे. ती टॉम कॉर्याटची समजली जाते. बांधणी थेट मुसलमानी थडग्याची, त्यामुळे आत खरोखर तोच आहे का, याबद्दल जाणकारांत दुमत आहे. इस्लामशी वाद घालणाऱ्या माणसाला असं थडगं मिळावं, ही त्याला स्वतःलाही आवडली असती अशी थट्टा.

कॉर्याट इंग्लंडातल्या सॉमरसेटचा. राजपुत्र हेन्रीच्या दरबारात तो विदूषकासारखा वावरायचा. 1608 साली युरोप पालथा घालून परतला, त्यातला बराचसा पायी. मग या प्रवासातले जोडे गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले आणि 1611 साली जाडजूड प्रवासवर्णन छापलं. त्यातला व्हेनिसचा भाग आजही अस्वस्थ करतो. तिथल्या ज्यूंना 1516 पासून घेट्टो या वेगळ्या वस्तीत राहावं लागे. रात्री तिच्या दारांना कुलूप, बाहेर पडताना डोक्यावर ओळखीचं रंगीत शिरस्त्राण. कॉर्याटने आयुष्यात क्वचितच ज्यू पाहिले असावेत. इंग्लंडच्या राजाने 1290 सालीच त्यांना देशाबाहेर काढलं होतं. ज्यू गेले, पण त्यांच्या नावाची शिवी मागे राहिली. ‘ज्यूसारखा दिसतो’ म्हणजे रापलेला, वाकड्या तोंडाचा किंवा वेडसर. घेट्टोत देखणे, रुबाबदार पुरुष पाहिल्यावर ही म्हण खोटी आहे, असं कॉर्याटने प्रामाणिकपणे लिहून टाकलं. आणि लगेच एका रब्बीला, म्हणजे ज्यू धर्मगुरूला, गाठून लॅटिनमधून हुज्जत सुरू केली: ख्रिस्त हाच मसीहा, हे तुम्ही मान्य का करत नाही? चाळीस-पन्नास माणसं जमली, आवाज चढले आणि साहेबांची पाचावर धारण बसली. सुदैवाने इंग्रज वकील हेन्री वॉटन गोंडोल्यातून चालला होता, त्याने सोडवणूक केली. ही हकिकत कॉर्याटनेच रंगवून सांगितली आहे. कुलपाआड राहणाऱ्यांच्या दारात जाऊन त्यांचा धर्म खोटा ठरवला, याची टोचणी त्यात कुठेही नाही.

1612 साली तो पूर्वेकडे निघाला. अलेप्पोपासून पायी चालत इराण, कंदाहार, मुलतान करत 1615 मध्ये अजमेरला पोचला. फारसी शिकला, झरोक्यासमोर उभं राहून बादशहाला फारसीत भाषण ऐकवलं आणि शंभर रुपये मिळवले. इंग्रजाने अशी भीक मागावी, याचा रोला भयंकर संताप आला. मुलतानात एका मुसलमानाने काफिर म्हटलं म्हणून कॉर्याटने त्याला भर लोकांत इटालियनमधून झाडलं. आग्र्यात तर कहर केला. रोचा पाद्री एडवर्ड टेरी सांगतो, की मिनारावरून अजान सुरू झाली तेव्हा कॉर्याट समोरच्या उंच जागी चढला आणि कलम्यात पैगंबरांच्या जागी ईसाचं नाव घालून त्याने तितक्याच मोठ्याने उलट बांग दिली.

त्याचं कोणी काही केलं नाही. मुघलांच्या मुलखात ख्रिस्ती माणूस जितकं मोकळं बोलू शकतो तितकं दुसऱ्या कुठल्याही मुसलमानी देशात नाही, असं त्याने घरी कळवलं. तो निघाला त्याच 1612 साली, त्याच्या स्वतःच्या देशात बार्थोलोम्यू लेगेट आणि एडवर्ड वाइटमन यांना धर्ममत चुकीचं म्हणून जिवंत जाळलं होतं. एवढ्यावरून जहांगीराला उदारमतवादाचं प्रशस्तिपत्र देण्याचा मोह होतो. तो आवरावा. याच बादशहाने 1606 साली गुरू अर्जनदेवांचा जीव घेतला, कारण त्यांचा शब्द हजारो लोक मानत होते. कॉर्याट का सुटला, हेही टेरीने लिहून ठेवलं आहे: लोकांनी त्याला वेडा समजून सोडून दिलं. बोलण्याची मुभा होती, ती बोलण्याने काही बिघडत नाही तोवर.

माणूस तोच, जीभ तीच, हट्टही तोच. आग्र्यात त्याने साम्राज्याला डिवचलं, आणि साम्राज्य हसलं. व्हेनिसमध्ये ज्यांना डिवचलं त्यांना हसणं परवडणारं नव्हतं. बोलणाऱ्याचा हक्क दोन्हीकडे सारखाच मोजला तरी ऐकणाऱ्यावर पडणारा भार सारखा होत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत वक्त्याला जेवढं तपासलं जातं, तेवढं श्रोत्याला क्वचितच तपासलं जातं.

1617 च्या डिसेंबरात कॉर्याट सुरतेला पोटाच्या विकाराने वारला. इंग्रज व्यापाऱ्यांनी प्रेमाने पाजलेली विलायती दारू त्याला बाधली, असं टेरी म्हणतो.

ज्यूंबद्दलचा आकस मात्र जहाजांबरोबर येतच राहिला. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्याची हकिकत फ्रेंच वैद्य बर्नियेने लिहिली आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या एका ज्यू व्यापाऱ्याजवळ माणकं असल्याची खबर होती. तीनदा तलवार उगारली तरी त्याने कबुली दिली नाही. दुसरा कोणी असता तर बर्नियेने त्याला धीराचा म्हटलं असतं. इथे तो शेरा मारतो, की ज्यूला जिवापेक्षा पैसा प्यारा. हा शेरा सुरतेच्या मातीतला नव्हे, युरोपातून बांधून आणलेला. इथून खाली कोकणात बेने इस्रायल ज्यू तेव्हा घाणा चालवत होते आणि शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत होते, शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा म्हणून.

टेरीचं पुस्तक 1655 साली लंडनला छापलं गेलं. ज्यूंना इंग्लंडात परत घ्यावं का, यावर क्रॉमवेलने परिषद भरवली तीही त्याच वर्षी. ते परतले, पण पार्लमेंटचं दार बंदच राहिलं. 1830 साली ते उघडण्याचं विधेयक रॉबर्ट ग्रँटने मांडलं. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, 1838 साली दापोडीला वारला. मुंबईत ग्रँट रोडवर रोज हजारो माणसं लोकलमधून उतरतात ते याच्या नावाचं स्टेशन. विधेयकाच्या बाजूने मेकॉलेने पार्लमेंटातलं पहिलं भाषण केलं. तरीही ते पडलं, आणि ज्यू खासदार म्हणून बसायला 1858 साल उजाडलं.

मेकॉले पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. तिच्या 298 कलमाप्रमाणे, धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने कुणाच्या कानावर पडेल असा शब्द उच्चारला तर एक वर्षापर्यंत कैद. आज भारतीय न्याय संहितेत तेच 302 कलम आहे. म्हणजे जहांगीराने सोडलेल्या इंग्रजाला इंग्रजांचाच कायदा आत टाकू शकला असता! खुद्द इंग्लंडात मात्र 2008 साली ईशनिंदेचा गुन्हा रद्द झाला. तिथल्या 1986 च्या कायद्याने वांशिक द्वेष भडकवणं गुन्हा ठरतं आणि ज्यू व शीख हे वंशगट मानले जातात. मुसलमानांना आधार आहे तो धार्मिक द्वेषाविरुद्धच्या 2006 च्या कायद्याचा, पण त्यात धर्माची टीका, थट्टा, अगदी निंदेचीही मुभा राखलेली आहे. ‘त्यांना वेगळा न्याय, आम्हाला वेगळा’ ही तक्रार तिथे दोन्ही बाजूंनी ऐकू येते, तिचं एक मूळ या रचनेत आहे. तिथल्याच मजूर पक्षातल्या ज्यूद्वेषावर समानता आयोगाने 2020 साली ठपका ठेवला, त्याच दिवशी पक्षाने माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांना निलंबित केलं. एका गटाला तो उशिरा आलेला न्याय वाटला, दुसऱ्याला विरोधकाचा काटा काढणं.

2 ऑक्टोबर 2025 रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला. आतल्या लोकांनी दरवाजा लावून धरला. दोन ज्यू पुरुष मेले, त्यांतला एक पोलिसांच्याच गोळीने. दोन दिवसांनी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात ‘पॅलेस्टाइन ॲक्शन’ या बंदी घातलेल्या संघटनेच्या पाठिंब्याचे फलक घेऊन माणसं बसली. गृहमंत्री शबाना महमूद आणि पोलीस ‘आत्ता नको’ म्हणत होते, पण आयोजकांनी नकार दिला. जवळजवळ 500 जणांना अटक झाली. इस्रायल सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. गाझासाठी निघणाऱ्या मोर्चांत ज्यूंचे गटही असतात. फलक धरणाऱ्यांच्या दृष्टीने समोर सरकार होतं, बंदी घालणारं, तुरुंगात टाकू शकणारं. त्याला डिवचण्याचा त्यांचा हक्क खराच. पण तोच फलक त्याच संध्याकाळच्या बातम्यांत मँचेस्टरमधल्या सुतक असलेल्या घरांतही दिसला. कॉर्याटचे श्रोते दोन शहरांत, काही वर्षांच्या अंतराने विभागलेले होते. लंडनच्या आंदोलकांना ते एकाच वेळी मिळाले, आणि त्यातल्या एकाला वगळून दुसऱ्याशीच बोलण्याची सोय त्या चौकात नव्हती. कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलला असता तर गृहखात्याला सांगायचं ते तसंच सांगता आलं असतं.