विचारणाऱ्याचे नाव

कडक आचाराच्या पंथात शिरणाऱ्याने मीपण सोडावे, ही अपेक्षा उघड बोलून दाखवलेली असते. विचार करणेही सोडावे, असे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते न सांगताच, हळूहळू सुटते. हे कसे घडते ते मराठी मुलखात महानुभाव पंथाच्या इतिहासात नीट पाहता येते, कारण आपल्या पहिल्या पिढीची इतकी बारीक नोंद क्वचितच एखाद्या संप्रदायाने ठेवली असेल.

पंथाचे मोठे स्थान ऋद्धिपूर हे अमरावती जिल्ह्यात आहे आणि अनुयायी वऱ्हाडभर विखुरलेले आहेत. वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात कोणी उपदेश घेतला तर काय बदलते? मांस आणि दारू सुटते, देव्हाऱ्यातले इतर देव जातात, दुसऱ्या देवतेचा प्रसाद वर्ज्य होतो, भेटीत ‘दंडवत प्रणाम’ येतो. मारुतीचा भंडारा आणि महालक्ष्म्यांचे जेवण यांवर जिथे भाऊबंदांची ये-जा चालते, तिथे अशा पंगतीतून उठणे सोपे नाही. उपदेश घेणारा पहिला माणूस विचार करूनच उठतो. त्याच्या नातवाला तोच आचार आयता मिळतो, आणि आजोबांनी कोणत्या प्रश्नापायी घरचे देव सोडले हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. कुटुंबात तीन पिढ्यांत होते ते पंथात काही शतकांत झाले.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी तेराव्या शतकात घालून दिलेला आचार कठोर होता. स्वदेश, स्वग्राम आणि नातलग सोडावेत, भिक्षा मागून खावे, एका जागी राहू नये. पण त्यात कळपाने राहण्याची सक्ती नव्हती. उलट अटन आणि विजन, म्हणजे एकट्याने भटकणे आणि निर्जनात बसणे यांवर भर होता. स्त्रियांना संन्यास खुला होता. शिष्य वाद घालत आणि शंका काढत. म्हाइंभट तर वाद करण्यासाठीच आले होते आणि मग शिष्य झाले. शिष्या महादाइसा सतत प्रश्न विचारणारी म्हणून पंथात ओळखली जाते. चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनीही केसोबास या शिष्याला संस्कृतात लिहू नका म्हणून अडवले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळले नसते.

चक्रधर 1274च्या सुमारास निघून गेल्यावर म्हाइंभटांनी एकेका शिष्याला गाठून आठवणी गोळा केल्या. तेच लीळाचरित्र. त्यात प्रसंग आहे, गाव आहे, बोलणाऱ्याचे नाव आहे. खलजी आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. त्यातून हिराइसेच्या पाठासारखे वेगवेगळे पाठ झाले आणि ते सांगणाऱ्याच्या नावानिशी टिकले. ‘मी’ सोडायला निघालेल्या लोकांनी एकमेकांची नावे इतक्या काळजीने जपली, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढचे पाऊल केसोबासांच्या सूत्रपाठाचे. त्यांनी चक्रधरांची वचने लीळांमधून, म्हणजे या आठवणींतल्या प्रसंगांमधून, वेचून विषयवार लावली. पाठांतराला ही सोय फार मोठी होती. पण एखाद्याला एखाद्या दिवशी, त्याच्या अडचणीपुरते दिलेले उत्तर प्रसंगातून सुटले की ते सर्वांना, सर्वकाळ लागू होणारी आज्ञा वाटू लागते. उत्तर राहते, प्रश्न गळतो. पंथालाही हे जाणवले असावे, कारण सूत्रांमागचे प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ नावाचे साहित्य पुढे तयार झाले. मात्र त्याचबरोबर भाष्यांवर भाष्ये वाढली, आम्नाय, म्हणजे पंथाच्या शाखा, फुटले, फिरते संन्यासी मठांत स्थिरावले आणि शंकेचे निरसन हे अधिकारी पुरुषाचे काम झाले. शंका विचारणे म्हणजे आपला अधिकार कमी असल्याची कबुली, असे एकदा ठरले की विचारणारा स्वतःच गप्प बसतो.

चौदाव्या शतकात पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहिल्या जाऊ लागल्या. हेतू ग्रंथ जपण्याचा होता आणि तो साधलाही. पण सामान्य वासनिकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, मूळ शब्द गुरूच्या तोंडूनच मिळू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिपीचा उलगडा छापला, तेव्हा कुठे बाहेरच्या वाचकाला ही दारे उघडली.

पंथाला जे घडायला शतके लागली ते पुण्यात 1974मध्ये सुरू झालेल्या रजनीशांच्या आश्रमाने दहा-बारा वर्षांत दाखवले. परंपरा झुगारायला आलेल्या सुशिक्षितांनी नवे नाव, भगवे कपडे आणि गळ्यात माळ घेतली. अमेरिकेत ओरेगनला गेल्यावर, 1984मध्ये, त्यांच्यातल्या काहींनी उपाहारगृहांच्या अन्नात जंतू मिसळले आणि 751 लोक आजारी पडले. महानुभावांची याच्याशी तुलना नाही; वेग तेवढा पाहण्यासारखा.

बाहेर पडण्याची किंमत जितकी मोठी, तितकी शंका आत दबते. मुंबई राज्याने 1949मध्ये समाजबहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. महाराष्ट्राच्या 2016च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मात्र पंगतीतून उठवले जाणे कायद्याला दिसते, पंगतीत बसून गप्प राहणे दिसत नाही.

लीळाचरित्र आता देवनागरीत छापलेले मिळते. सूत्रपाठ वाचणाऱ्याने ते शेजारी उघडून ठेवावे आणि प्रत्येक वचन कोणाच्या प्रश्नाला आले ते आधी शोधावे.