अर्धी फुली

लेकावर ओरडायचं नाही, असं मी जूनच्या पंधरा तारखेला ठरवलं. त्याची शाळा सुरू झाली त्या दिवशी. आवाज चढला की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल फुली. मारणार तोच. उरलेल्या पंधरवड्यात अकरा फुल्या पडल्या. जुलैत पहिल्या आठवड्यातच पाच. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी नाद सोडणार होतो.

तेवढ्यात एका तारखेवर फुलीऐवजी एकच तिरकी रेघ दिसली. आदल्या रात्री भागाकारावरून वाजलं होतं. विचारलं तर चौथीतला पोरगा म्हणाला, ''ही अर्धी आहे. तू मधेच थांबलास ना!''

आपण मोठी माणसं असा हिशेब ठेवत नाही. आपली पद्धत म्हणजे आधी पूर्ण सुधार, मग बघू. दारू सोडलेला भाऊ एकदा घसरला की मधले आठ महिने कुणी मोजत नाही. 'बघा, आम्ही म्हणालोच होतो' एवढं मात्र घरोघर होतं.

औंध संस्थानानं 1939 मध्ये याच्या नेमकं उलट केलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीच्या दुष्काळी माळावर स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेती दिली, बायकामुलांसह राहू दिलं. विश्वास आधी टाकला, सुधारणा मागाहून यायची होती. पळून जायला वाट मोकळीच होती. गदिमांनी लिहिलेला आणि शांतारामबापूंनी 1957 मध्ये पडद्यावर आणलेला 'दो आंखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला. सिनेमा सगळ्यांना आठवतो. आटपाडी म्हटलं की मात्र डाळिंबंच.

एखाद्या गुन्ह्यात ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला 'क्षमा कर' असं सांगण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. मी बोलतोय ते आपल्या घरातल्या, रोज धडपडणाऱ्या आणि पुन्हा चुकणाऱ्या माणसांबद्दल. त्यांच्या वहीत अर्ध्या फुलीला जागा नसेल, तर ती वही ठेवणाऱ्याचीच चूक.

आमच्याकडे कॅलेंडरचं पान उलटलंय. आज ऑगस्टची नऊ तारीख. तीन फुल्या, दोन रेघा.