ड्रॅगन चालतो, मग राणी का नाही?

भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सापडला. पती दुसरा रुद्रसेन गेला तेव्हा मुले लहान होती. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे विदर्भाचा कारभार तिने हाती घेतला आणि स्वतःच्या नावाने जमिनी दान दिल्या. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटातली वंशावळ तर सासरच्या नव्हे, माहेरच्या गुप्त घराण्यापासून सुरू होते.

काल्पनिक जगांतल्या भूमिकाखेळांत बाईला दुय्यम का ठेवतात, असे विचारले की ‘जुना काळ तसाच होता’ हे उत्तर मिळते. प्रभावतीगुप्तेचे हे ताम्रपट त्या उत्तराच्या आड येतात.

या खेळांत चार-सहा जण एकत्र बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रे होतात, आणि डाव फसला की साधला हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला आणि या प्रकाराचा पाया पडला. त्याच्या १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीतल्या खेळाडूंच्या पुस्तकात ताकदीचा तक्ता होता. मानवी योद्धा पुरुष असेल तर त्याची ताकद १८ वर पुढे शंभर टक्क्यांपर्यंत जाई; बाई असेल तर पन्नासावर कुंपण. याच पुस्तकात आगीचे गोळे फेकणारे मंत्र होते, मेलेल्याला उठवणारे मंत्र होते. मेलेला माणूस उठतो हे मान्य. बाईचा दंड पुरुषाइतका भरतो हे मात्र अमान्य! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे कुंपण काढले, आणि त्याने खेळाचे काहीच बिघडले नाही.

आकड्यांपेक्षा गोष्टीतला दुजाभाव जास्त टिकतो. या खेळातल्या जगात बायकांची सत्ता असलेला सर्वांत गाजलेला समाज म्हणजे जमिनीखाली राहणारे ड्राव एल्फ. तो समाज क्रूर, कपटी आणि कोळ्याच्या रूपातल्या देवीचा भक्त दाखवला आहे. बाईच्या हाती राज्य आले की ते भयानकच असणार, हे खेळणाऱ्याच्या मनात असे नकळत मुरते. इथे फाशांचा काही संबंध नाही. ही लिहिणाऱ्याची निवड आहे.

प्रभावतीगुप्तेच्या काळात बायका मोकळ्या होत्या, असे मात्र म्हणता येणार नाही. तिला सत्ता मिळाली ती विधवा आणि राजपुत्रांची आई म्हणून. जाच खराच होता, आणि तो खेळात जरूर यावा. पण तो गोष्टीतला पेच म्हणून यावा, ज्याच्याशी झुंजता येईल. निसर्गनियम म्हणून आला की झुंजायला जागाच उरत नाही.

भूमिका घेणे भंडाऱ्याला नवे नाही. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्यात बाईचे पात्र पुरुषच लुगडे नेसून रंगवत. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या, हा मोठा पल्ला आहे. तरी पात्र कोण करतो यापेक्षा ते कोण लिहितो, हा प्रश्न जास्त खोल जातो. टेबलावरच्या खेळात गोष्ट सांगणाराच जग रचतो. म्हणून त्या जागी मुली बसणे, हे तक्त्यातले आकडे बदलण्याइतकेच गरजेचे आहे.

आणि ताकद म्हणजे तरी काय? धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या बायकांचा दम १९७८ च्या त्या तक्त्यातल्या ताकदीच्या रकान्यात बसत नव्हता. तिथे मोजले जात होते ते वजन उचलणे आणि तलवारीचा घाव.

उद्या भंडारा जिल्ह्यातल्याच तुमसरच्या पोरापोरींनी आंबागड किल्ल्यावर असा खेळ रचला, तर त्यांना युरोपातले सरंजामी गाव उसने आणायची गरज नाही. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत, त्यांच्या पाण्यावरून होणारे तंटे आहेत, नागझिऱ्याचे जंगल आहे. तलावाचे पाणी कुणाच्या धानाच्या बांधीला आधी सोडायचे, याचा निवाडा त्या जगात एखादी बाई देईल. तिचा शब्द गाव का मानते, हे खेळणाऱ्यांनी खेळता खेळता ठरवावे.