ऊस थांबत नाही, कापूस थांबतो

हिवाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर मध्यरात्रीही उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या दिशेने चाललेल्या असतात. तोड झाली की उसाचे वजन घटू लागते, साखरही घटू लागते. एक दिवस उशीर झाला तरी उताऱ्यात फरक पडतो. त्याच दिवसांत यवतमाळकडच्या एखाद्या घरात वेचलेला कापूस खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. भाव चढेल या आशेवर तो महिना-दोन महिने तसाच राहतो. ऊस थांबत नाही, कापूस थांबतो. महाराष्ट्राच्या उद्योगांचा नकाशा समजून घ्यायचा असेल, तर पिकांच्या या दोन स्वभावांपासून सुरुवात करावी लागते.

शाळेत आपण सोपे समीकरण शिकलो: काळी माती म्हणून विदर्भात कापूस, दमट हवा म्हणून मुंबईत गिरण्या. त्यातला पहिला भाग खराच आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही चिकण माती पावसाळ्यातली ओल धरून ठेवते आणि पाऊस गेल्यावरही कोरडवाहू कपाशीला जगवते. दमट हवेत सूत कमी तुटते, हेही खरे. पण पिकाची जागा माती ठरवते, म्हणून कारखान्याची जागाही तीच ठरवते असे नाही. ती जागा ठरताना पिकाचा स्वभाव आणि माणसांचे निर्णय दोन्ही कामी येतात.

शंभर किलो उसातून साखर निघते दहा-अकरा किलो. एवढा रस आणि चोयट्या लांब वाहून नेणे कुणालाच परवडत नाही, म्हणून कारखान्याला उसाच्या फडाजवळ यावेच लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा पिकाची ही अडचणच शेतकऱ्याची ताकद झाली. कारखाना गावात आला. त्याच्यामागून रस्ते, शाळा, पतसंस्था आल्या आणि राजकीय वजनही आले.

कापसाचे तसे नाही. कपाशीतली सरकी वेगळी केली की वजनाने साधारण तिसरा हिस्सा रुई उरते. हे काम जिनिंगमध्ये, तालुक्याच्या गावीच होते. पुढे प्रेसमध्ये दाबून बांधलेली गाठ मात्र नासत नाही आणि कितीही दूर जाऊ शकते. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा गेला. ही रेल्वे वऱ्हाडात कारखाना आणण्यासाठी नव्हती, वऱ्हाडातली रुई बंदरावर नेण्यासाठी होती.

मग मुंबईला गिरण्या दिल्या त्या हवेने का? कावसजी दावर यांची पहिली गिरणी 1856 मध्ये सुरू झाली, तेव्हा यंत्रे समुद्रापलीकडून येत होती, कोळसाही जहाजानेच येई आणि कापूस दूरच्या मुलखांतून. मुंबईकडे बंदर होते, व्यापारातून साठलेले भांडवल होते. दमट हवा ही त्यावरची जोड होती. जमशेटजी टाटांनी याचा पुरावाच दिला. 1877 मध्ये त्यांनी कोरड्या हवेच्या नागपुरात एम्प्रेस मिल उभी केली आणि सूतखात्यातली हवा यंत्रांनी दमट ठेवली. ती गिरणी शंभराहून अधिक वर्षे चालली. तिकडे इचलकरंजीच्या आसपास कापसाचे पीक नगण्य, तरी 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे यंत्रमाग आणला आणि गाव कापडाचे झाले.

म्हणजे विदर्भाच्या रुईला विदर्भात सूत व्हायला हवेने मज्जाव केला नव्हता. तरीही ‘इथल्या हवेत गिरण्या चालत नाहीत’ हे वाक्य निसर्गनियमासारखे बोलले गेले. जमिनीने जे सांगितलेच नव्हते, ते आपण तिच्या नावावर खपवले.

दुसरीकडे जमिनीने जे स्वच्छ सांगितले, ते ऐकले नाही. सोलापूर आणि मराठवाड्याचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, तिथला पाऊस बेभरवशाचा. बारा ते अठरा महिने पाणी मागणारा ऊस तिथे सोसत नाही, हे हवामान दर दुष्काळात बजावत आले. तरी कारखान्यांना परवाने मिळत गेले, विहिरींच्या जागी बोअर खोल होत गेले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले. त्या लातूर जिल्ह्यात साखर कारखाने होते, हे विसरून चालणार नाही.

या दोन चुका एकाच सवयीतून येतात. ज्या गोष्टीला पैसा, वीज आणि इच्छा लागते, तिला आपण ‘हवामान’ म्हणून सोडून देतो; आणि जिथे हवामान खरोखर आडवे येते, तिथे ‘इच्छा असली की सगळे होते’ म्हणतो. उद्योगाचे धोरण आखताना म्हणून आधी एवढाच प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा: ही अडचण मातीची आहे की आपली? सूतखात्यातली हवा दमट करता येते, पण न पडलेला पाऊस आणता येत नाही. पर्जन्यछायेतल्या नव्या कारखान्याला परवाना देण्याआधी तिथल्या पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे, आणि कापसाच्या जिल्ह्यात सूत, कापड व तयार कपडे यांना भांडवल मिळाले पाहिजे.

कारण कापूस थांबतो, पण तो पिकवणारा थांबू शकत नाही. खोलीत रुपेरी ढीग असतो आणि दारात पीककर्जाची मुदत उभी असते. म्हणून भाव चढण्याआधीच तो ढीग बहुतेकदा विकला जातो, आणि कापसाच्या थांबण्याचा फायदा ज्याच्याकडे गोदाम आहे त्याला मिळतो. उसाने कारखान्याला गावात यायला भाग पाडले. कापूस कुणालाच भाग पाडत नाही. म्हणून त्याच्या गावात गिरणी आणण्याचे काम आपल्याला ठरवूनच करावे लागेल.