धोका कोणाच्या हातातला?

फॉर्म्युला वनच्या गाडीत चालकाचे डोके उघडेच असायला हवे, असे मानणाऱ्यांत निकी लाउडाही होता. 1976 साली न्यूर्बुर्गरिंगवर तो जळत्या गाडीत अडकला होता. हेल्मेट निसटले, चेहरा भाजला, विषारी धुराने फुफ्फुसे करपली, आणि तरी सहा आठवड्यांनी तो मोंझाला पुन्हा शर्यतीत उतरला. याच लाउडाने 2017 साली चालकाच्या डोक्याभोवती बसवायच्या ‘हॅलो’ या संरक्षक कड्याला कडाडून विरोध केला. या गाड्यांचे मूळ रूपच हॅलोने नष्ट होईल, असे लाउडाचे म्हणणे होते. धोका म्हणजे काय, हे या माणसाला शिकवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्यामुळे त्याचा विरोध अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यामागे एक जुनी आणि प्रामाणिक समजूत होती: धोका हा या खेळाचा प्राण आहे, तो जेवढा कमी कराल तेवढा खेळ फिका पडेल.

ही समजूत घडली तो काळच तसा होता. हेल्मेट 1952 साली सक्तीचे झाले, पण पट्टा बांधण्याची रीत नव्हती. आग लागली तर गाडीबाहेर फेकले गेलेले बरे, असा सरळ हिशेब होता. रस्त्याच्या कडेला झाडे, घरे आणि पेंढ्यांचे भारे. जो उतरला त्याने मरणाची शक्यता गृहीत धरली आहे, असे सगळेच मानत, त्याच्या घरचेसुद्धा.

या विचाराला पहिला तडा 1966 साली बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर गेला. पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि जॅकी स्ट्यूअर्टची गाडी रस्ता सोडून कोसळली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल गळत होते, एक ठिणगी पुरली असती. त्याला बाहेर काढायला धावले ते ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट, म्हणजे त्याच शर्यतीतले दोघे चालक. स्टिअरिंग काढल्याशिवाय तो निघत नव्हता, आणि त्यासाठी लागणारा पाना त्यांना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. पुढे स्ट्यूअर्ट गाडीत स्टिअरिंगजवळ पाना चिकटवूनच शर्यतीला बसू लागला.

मला त्या पान्यात सगळा वाद सामावलेला दिसतो. ओल्या वळणावर गाडी किती वेगाने न्यायची हा स्ट्यूअर्टचा प्रश्न होता, आणि तिथे चूक झाली तर किंमत मोजायला तो तयार होता. पण सर्किटवर साधा पाना नसावा, डॉक्टर धड नसावा, यात कसले आले शौर्य? त्याने कठडे, वैद्यकीय मदत, पट्टे यांसाठी मोहीम उघडली. त्याला भित्रा म्हटले गेले, खेळाची रंगत घालवणारा म्हटले गेले. तीन वेळा जगज्जेता झालेल्या माणसाला! धोक्याचे दोन भाग पडतात, एक कौशल्याने पेलायचा आणि दुसरा निव्वळ हलगर्जीपणाने लादलेला, हे त्याने दाखवून दिले. त्यातला दुसरा भाग हळूहळू निपटला जाऊ लागला.

डोके मात्र राहून गेले. 1994 साली इमोला येथे आयर्टन सेना गेला, तोही चाक आणि सस्पेन्शनचा आघात डोक्यावर झाल्याने. त्यानंतर कॉकपिटच्या कडा उंच झाल्या, चाके निखळून उडू नयेत म्हणून दोरांनी बांधली गेली, 2003 पासून मान जपणारे हॅन्स उपकरण सक्तीचे झाले. वरची बाजू तेवढी मोकळीच राहिली.

मग 2009 चा जुलै आला. ब्रँड्स हॅचवर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत पुढची एक गाडी आदळली आणि तिचे सुटलेले चाक उसळत येऊन हेन्री सर्टीझच्या डोक्यावर बसले. हेन्री 18 वर्षांचा होता. त्याचे वडील जॉन सर्टीझ मोटारसायकल आणि मोटार या दोन्हींत जगज्जेते झालेले एकमेव गृहस्थ. धोक्याचा सगळा काळ पाहून ते सुखरूप राहिले होते. सहाच दिवसांनी हंगेरीत चालक बारिकेलोच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. कवटीला इजा होऊनही तो वाचला. या दोघांचे काय चुकले होते? काहीच नाही. ते रस्त्यावर नीट चालले होते. इथे धोक्याचा तिसरा भाग समोर आला: कौशल्याचाही नाही, हलगर्जीपणाचाही नाही, दुसऱ्याच्या गाडीतून सुटून आभाळातून पडावा तसा येणारा. 2015 साली पोकोनो येथे जस्टिन विल्सन अशाच उडालेल्या तुकड्याने गेला.

हॅलो पुढे आला तो याच तिसऱ्या भागावरचा उपाय म्हणून: टायटॅनियमचे सुमारे सात किलोचे कडे आणि समोर एक खांब. दिसायला चपलेच्या पट्ट्यासारखे, अशी टवाळी झाली. मधला खांब नजरेच्या आड येईल, उलट्या गाडीतून बाहेर निघता येणार नाही, हे आक्षेप रास्त होते आणि ते तपासले गेले. पण ‘कुरूप दिसते’ हा आक्षेप मला कधीच पटला नाही. चालकांच्या संघटनेने डोक्याच्या संरक्षणाची मागणी केलेली असताना, बाहेर बसलेल्यांनी सौंदर्याचा मुद्दा काढावा हे मला आजही खटकते. चालकांतही मतभेद होते, हे खरे. रोमाँ ग्रोजाँ तर उघड विरोधात होता. पण चालकाची संमती इथे पुरेशी मानता येत नाही. आपल्या बाबतीत असे होणार नाही, या खात्रीशिवाय कोणी ताशी तीनशे किलोमीटरने जाऊच शकत नाही. शिवाय वरच्या वर्गात जे चालते, तेच खाली सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या गाड्यांत उतरते.

बहुतेक संघांची नाराजी असतानाही या खेळाची नियामक संस्था ‘फिया’ने सुरक्षेचा अधिकार वापरून 2018 पासून हॅलो सक्तीचा केला. त्याच वर्षी स्पाला अलोन्सोची गाडी उडून शार्ल लक्लेरच्या डोक्यावरून गेली. हॅलोवर टायरचे काळे व्रण उरले. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीनमध्ये ग्रोजाँची गाडी कठडा फाडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आग भडकली. कठड्याचे लोखंड हॅलोने अडवले, आणि सुमारे 28 सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. रुग्णालयातूनच त्याने आपला जुना विरोध मोकळेपणाने मागे घेतला. हा खेळ त्यानंतर फिका पडला असे मला तरी कुठे दिसले नाही.

तरीही काम पुरे झालेले नाही. 2019 साली स्पालाच फॉर्म्युला टूमध्ये आंत्वान युबेर बाजूने बसलेल्या धडकेत गेला, त्याच्या गाडीवर हॅलो होता. आणि मासाला लागली तेवढी स्प्रिंग हॅलोच्या मोकळ्या जागेतून आजही आत येऊ शकते. विल्सन ज्या इंडीकार मालिकेत गेला, तिने 2020 पासून हॅलोसारख्या सांगाड्याला पुढून पारदर्शक कवच जोडले. आतली उष्णता, काचेवरचे पाणी आणि मळ या अडचणी तिथेही आल्या, आणि त्यांवर मार्ग काढत शर्यती चालू आहेत. फॉर्म्युला वनने असे कवच 2017 साली चाचणीत बाजूला ठेवले, कारण त्यातून पाहताना चालक फेटेलला भोवळ आली. ते कारण तेव्हा योग्य होते. आता तो प्रश्न पुन्हा उघडायला हवा, आणि तोही पुढच्या अपघाताच्या आधी.